सातबाऱ्यावर नाव नसलेले हिस्सेदार

रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही गावचा सातबारा उघडून पाहिला असता एकेका डोंगरउताराच्या क्रमांकावर वीस, तीस, क्वचित पन्नास हिस्सेदारांची नावे आढळतात. त्यांतील काही गावी राहतात, पुष्कळसे मुंबईस असतात, तर काही मयत असून त्यांच्या वारसांची नोंद अद्याप व्हावयाची असते. रान विकण्याचे ठरले म्हणजे या सर्वांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, आणि एखाद्याची सही न मिळाल्याने व्यवहार वर्षानुवर्षे अडून राहिल्याची उदाहरणे प्रत्येक वाडीत आहेत. परंतु त्या रानाच्या पाण्यावर व मातीवर ज्यांना सर्वांत अधिक काळ जगावयाचे आहे, त्यांची सही कोणी मागत नाही. कारण त्यांचा जन्म अजून व्हावयाचा आहे. त्यांच्या हिश्श्याविषयी कायदा व परंपरा काय सांगतात, आणि ग्रामसभेस व शेतकऱ्यास तो हिस्सा प्रत्यक्षात कसा राखता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

रान, माती व पाणी

जिल्ह्याची भूमी बहुतांशी जांभ्या दगडाची आहे. पूर्वेस सह्याद्रीचा कडा व पश्चिमेस समुद्र यांत अंतर थोडे, त्यामुळे नद्या आखूड व उतार तीव्र. वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. इतके पाणी आकाशातून येऊनही मार्च-एप्रिलमध्ये कित्येक वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पावसाचे पाणी डोंगरात मुरले तर ते पुढील सहा-आठ महिने झऱ्यांच्या व पऱ्ह्यांच्या रूपाने हळूहळू बाहेर येते. मुरले नाही तर ते त्याच दिवशी खाडीस मिळते. ते मुरावे किंवा वाहून जावे, हे मुख्यतः डोंगरावरील झाडीवर व झाडीखालच्या मातीवर अवलंबून असते.

या जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील राखीव वन अत्यल्प आहे. डोंगरावर दिसणारी ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, हिरडा यांची झाडी बहुतेक खाजगी मालकीची आहे. त्यामुळे घाटावरच्या किंवा विदर्भातल्या गावाप्रमाणे 'रान सरकारचे, सरकार पाहून घेईल' असे येथे म्हणता येत नाही. येथे रानाचे काय व्हावे हे घराण्यातील चार वडीलधारी माणसे व लाकडाचा व्यापारी मिळून एका बैठकीत ठरवितात.

उभे रान एकरकमी विकून ते सरसकट तोडले म्हणजे पुढे काय होते, ते पाहणे उपयुक्त आहे. पहिल्या वर्षी विशेष काही जाणवत नाही. खुंटांना धुमारे फुटतात, मोकळ्या जागेत गवत माजते, आणि गुरांना चारा झाला म्हणून समाधानही वाटते. त्या गवताला फाल्गुन-चैत्रात वणवा लागतो. कोवळे धुमारे करपतात, पालापाचोळ्याचा थर जळून जातो आणि जमीन उघडी पडते. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर उघडी माती पऱ्ह्यात उतरते. असे चार-पाच पावसाळे गेल्यावर उतारावर कातळ डोके वर काढतो. जी माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागली, ती एका पिढीच्या देखत निघून जाते, आणि ती पुन्हा आणण्याचा कोणताही उपाय कृषिशास्त्रास ठाऊक नाही. खाली मळ्यात भात निघाल्यावर अंगच्या ओलीवर होणारे कुळीथ व पावटे हलके पडू लागतात. पाटाच्या पाण्यावरील वायंगणी भात तर कित्येक गावांत आता वृद्धांच्या आठवणीतच उरला आहे. याला इतर कारणेही आहेत, मजुरीचा खर्च हे त्यांतील मोठे कारण होय. परंतु वहाळाचे पाणी लवकर आटते हेही एक कारण आहे.

अलीकडे यात यंत्राची भर पडली आहे. पूर्वी कुऱ्हाडीने महिनाभर चालणारी तोड आता यांत्रिक करवतीने थोड्या दिवसांत उरकते, आणि जेसीबी किंवा पोकलेन लावून उतारास टप्पे पाडले जातात. टप्पे पाडून लावलेली काजू-आंब्याची बाग ही झाडीच होय, हे खरे. १९९० साली राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीची योजना सुरू केली व तिने कोकणातील पडीक वरकस जमिनीचे रूप पालटले. हजारो घरांस तिने उत्पन्नाचे साधन दिले. मात्र पडीक माळावर कलमे लावणे निराळे, आणि झऱ्याच्या माथ्यावरचे जुने रान खुंटासकट उपटून तेथे कलमे लावणे निराळे. पहिल्या कामात पुढील पिढीस काही मिळते. दुसऱ्यात तिला मिळते त्याहून अधिक तिच्याकडून काढून घेतले जाते.

कायद्याचे म्हणणे

न जन्मलेल्या माणसास हक्क कसा असेल, अशी शंका काही जण काढतात. ही कल्पना परक्या देशातून आली आहे असाही समज आढळतो. वस्तुतः विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या मिताक्षरा या टीकेत हा विचार स्पष्टपणे आला आहे. जे जन्मले, जे गर्भात आहेत आणि जे अजून जन्मावयाचे आहेत, त्या सर्वांना उपजीविकेचे साधन हवे असते. म्हणून घराण्याच्या स्थावराचे दान अथवा विक्री करू नये, अशा अर्थाचे स्मृतिवचन तीत आधारास घेतले आहे. आपत्काल, कुटुंबाचा निर्वाह व आवश्यक धर्मकार्य एवढेच अपवाद मानले आहेत. हिंदू एकत्र कुटुंबाची मिळकत शतकानुशतके याच विचारावर चालत आली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानेही, वडिलांच्या मृत्यूसमयी गर्भात असलेल्या व नंतर जिवंत जन्मलेल्या अपत्यास इतर अपत्यांइतकाच वारसाहक्क दिला आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीलाही मुलाप्रमाणे जन्मतः हिस्सा मिळाला.

मग उणीव कोठे आहे? ती अशी की, हे सर्व रक्षण जमिनीला आहे, जमिनीवरील झाडांस तितके नाही. अज्ञान मुलाच्या नावे स्वतंत्र स्थावर असेल तर त्याच्या पालकास न्यायालयाच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात उभे इमारती लाकूड स्थावरात गणलेले नाही. तोडून नेण्यासाठी विकलेले झाड कायद्याच्या दृष्टीने जंगम माल ठरते. त्यामुळे जमीन नातवाच्या नावे शाबूत राहते, आणि त्या जमिनीस ज्यामुळे किंमत होती ती झाडी, माती व पाणी मात्र त्याच्या जन्मापूर्वीच निघून जातात. सातबारा त्याला मिळतो, पण त्यावरील झरा मिळत नाही.

महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (नियमन) अधिनियम, १९६४ या कायद्याने आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ इत्यादी झाडांच्या तोडीस परवानगीचे बंधन घातले. हे बंधन उपयोगी आहे व ग्रामकार्यकर्त्यांनी ते शेतकऱ्यांस समजावून सांगावयास हवे. तथापि परवाना कोणत्या झाडाला कुऱ्हाड लागावी एवढेच पाहतो. त्या झाडाखालून निघणाऱ्या पाण्यावर कोणती वाडी जगते, हे त्याच्या रकान्यांत बसत नाही.

याबाबतीत सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण रत्नागिरीकरांस विशेष जवळचे वाटेल, कारण ते खैराचे आहे. चिपळूण तालुक्यात सावर्डे परिसरात काताचे कारखाने आहेत आणि खैराच्या गाभ्यापासून कात कसा निघतो हे तेथील शेतकऱ्यास सांगावयास नको. हिमाचल प्रदेशात असेच काताचे नवे कारखाने काढण्यास संमती देण्यात आली व पुढे त्यावरून वाद झाला. १९९५ साली निकाल देताना न्यायालयाने म्हटले की, खैराचा साठा किती आहे व तो किती काळ पुरेल याचा अंदाज घेतल्याविना असे कारखाने मंजूर करणे योग्य नव्हे. विद्यमान पिढीस सर्व वनसंपत्ती संपवून पुढील पिढ्यांचे कल्याण धोक्यात घालण्याचा अधिकार नाही. शेजारच्या गोव्यात लोहखनिजाच्या खाणींबाबत २०१४ साली न्यायालयाने याच तत्त्वावर आणखी एक पाऊल टाकले. खनिज एकदा काढले की संपले. म्हणून विक्रीच्या रकमेपैकी दहा टक्के रक्कम कायम निधीत ठेवावी व तो निधी पुढील पिढ्यांच्या हितासाठी राखावा, असा आदेश त्या निकालात आहे.

इतर देशांतही हा विचार रुजला आहे. फिलिपाईन्स देशात काही अज्ञान मुलांनी पालकांमार्फत, स्वतःच्या व न जन्मलेल्या पिढ्यांच्या वतीने, जंगलतोडीच्या परवान्यांविरुद्ध दावा लावला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली त्यांचा असा दावा लावण्याचा अधिकार मान्य केला. हवामानविषयक जागतिक करार १९९२ साली झाला, त्यात वर्तमान व भावी पिढ्यांसाठी हवामानाचे रक्षण करणे हे पहिलेच तत्त्व म्हणून नमूद केले आहे. जुलै २०२५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे मत दिले. या निकालांची प्रत घेऊन कोणी व्यापाऱ्याचा ट्रक अडवू शकणार नाही, हे उघड आहे. पण ग्रामसभेत हा विषय काढणाऱ्या कार्यकर्त्यास 'हे कोणते नवे खूळ' असे कोणी म्हटल्यास त्याच्यापाशी उत्तर असावे.

येणाऱ्या पिढीपुढील हवामान

जी मुले आज अंगणवाडीत आहेत ती चाळिशीस पोहोचतील तेव्हा कोकणचे हवामान आजच्यासारखे असणार नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून अरबी समुद्राचे पाणी तापत असल्याचे व तेथील चक्रीवादळांची संख्या आणि जोर वाढल्याचे दिसून आले आहे. जिल्ह्यास याचा अनुभव आलाच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेले आणि झाडावरचा आंबा जमिनीवर आला. पोफळ लावल्यापासून ती नीट धरण्यास सहा-आठ वर्षे जातात, त्यामुळे अशा वादळाचे नुकसान एका हंगामाचे नसते. हापूसच्या मोहोराला थंडी वेळेवर व पुरेशी लागते. ती लांबली, किंवा मोहोरावर अवेळी पाऊस पडला, की बागायतदाराचा फवारणीचा खर्च वाढतो व फळ उतरते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर चिपळूण शहरात शिरला. त्याच दिवसांत खेड तालुक्यात दरड कोसळून मनुष्यहानी झाली. पुरानंतर वाशिष्ठीच्या पात्रातील गाळ उपसण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. पुराची कारणे अनेक होती आणि त्यांविषयी मतभेदही आहेत. पण पात्रातला गाळ ही कोणाच्या तरी डोंगरावरची माती होती, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

जगातील धूर कमी करणे रत्नागिरीच्या शेतकऱ्याच्या हाती फारसे नाही, आणि त्या पापाचा मोठा वाटा त्याचा नाहीही. त्याच्या हाती एवढेच आहे की, हा बदललेला पाऊस ज्या डोंगरावर पडावयाचा, तो डोंगर पुढच्यांना धडधाकट स्थितीत मिळावा. झाडीने बांधलेला उतार मुसळधार पाऊस अधिक सोसतो. पोकलेनने कापलेला उतार कमी सोसतो.

देवराई

वाडवडिलांनी ही गोष्ट कायद्यावाचून साधली होती. जिल्ह्यातील गावोगावी देवाच्या नावाने राखलेली देवराई असे, व पुष्कळ ठिकाणी अजून आहे. तेथील झाड तोडावयाचे तर देवाचा कौल घ्यावा लागे. गुरव, मानकरी व गावकरी यांच्या समक्ष ते ठरत असे. म्हणजे गावातील सर्वांत प्रबळ माणसाचाही त्या झाडीवर स्वतंत्र अधिकार चालत नसे. याचे फळ असे की, सातवीण व बेहड्यासारखे प्रचंड वृक्ष आज या जिल्ह्यात पाहावयाचे तर देवराईतच जावे लागते. त्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो, आणि कित्येक देवरायांच्या पायथ्याशी बारमाही पाणी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातही आरमारासाठी लाकूड लागले तरी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत असा आदेश आहे, आणि अशी झाडे वाढण्यास फार काळ लागतो हे कारण त्यात दिले आहे. शत्रू दारात असताना राज्यकर्त्यास हा विचार सुचला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

तथापि देवराईविषयी केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. अनेक गावांत मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतलीच झाडे विकली गेली आहेत. देवाचे घर मोठे झाले आणि देवाचे रान लहान झाले. कौल घेण्याची रीत जेथे ढिली पडली, तेथे तिच्या जागी दुसरा काही लेखी बंदोबस्त झाल्याशिवाय देवराई टिकणे कठीण आहे.

आजची गरज

येथे एका प्रामाणिक आक्षेपाचा विचार करणे अवश्य आहे. घरात आजारी माणूस आहे, मुलीचे शिक्षण अडले आहे, छप्पर मोडले आहे, अशा शेतकऱ्यास 'पुढच्या पिढीसाठी रान राख' असे सांगणे हे पोट भरलेल्याचे तत्त्वज्ञान ठरते. मिताक्षरेनेही आपत्काल हा अपवाद मानला आहे, तो याचसाठी. गरिबाच्या गरजेस नकार देणारी कोणतीही योजना गावात टिकणार नाही, आणि टिकूही नये. परंतु प्रत्यक्षात सरसकट तोडीचे बहुतेक व्यवहार अशा गरजेपोटी होत नाहीत. तीस हिस्सेदारांपैकी एखाद-दुसऱ्यास निकड असते. उरलेल्यांच्या वाट्यास जी रक्कम येते ती मुंबईच्या खर्चात एका महिन्यात विरून जाते, व त्यापायी सबंध डोंगर उघडा पडतो.

समजा, एका घराण्याचे वीस एकर रान आहे आणि ऐन-किंजळाचे लाकूड वीस वर्षांत पुन्हा तोडणीस येते. अशा रानाचे वीस भाग पाडून दरवर्षी एकच भाग तोडला, तर एकविसाव्या वर्षी पहिला भाग पुन्हा तयार झालेला असतो. मुद्दल शाबूत राहते आणि व्याज दरवर्षी हाती येते. ज्या वर्षी ज्या घरास निकड असेल त्याला त्या वर्षीचा भाग द्यावा, असे घराण्यात ठरविता येते. एका एकराचे पैसे तीस जणांत वाटण्यासारखे नसतातच, म्हणून ही तडजोड वाटते तितकी अवघड नाही. मुंबईकर हिस्सेदार शिमग्याला किंवा गणपतीला गावी येतात तेव्हा ही बोलणी करावीत; पत्राने वा फोनने ती सहसा जुळत नाहीत.

तोड करताना खुंट जमिनीलगत, तिरका व गुळगुळीत ठेवावा, म्हणजे त्यावर पाणी साचून तो कुजत नाही व धुमारे जोमाने फुटतात. दुसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावर एक-दोन सरळ धुमारे राखून बाकीचे काढावेत. प्रत्येक एकरात काही मोठी बीजझाडे मुळीच तोडू नयेत. पऱ्ह्याच्या दोन्ही काठांची व झऱ्याच्या माथ्यावरची झाडी, तसेच जेथे माणसाला हात टेकून चढावे लागते असा उतार, हा तोडीच्या हिशेबात धरूच नये. तोडलेल्या भागाभोवती दिवाळीनंतर गवत कापून जाळरेषा काढावी आणि निदान तीन वर्षे तेथे गुरे सोडू नयेत. लवकर पैसा हवा असणाऱ्यांनी बांधावर व पडीक तुकड्यावर माणगा बांबू लावावा. चार-पाच वर्षांनंतर त्याची तोड दरवर्षी मिळते आणि जमीन उघडी पडत नाही. रोपे व लागवडीची माहिती दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात मिळू शकते.

ग्रामसभेपुढे ठेवावयाचे काम

पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीस रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा विशेष विचार करण्यास सांगितले होते. समितीने २०११ साली अहवाल दिला. त्यातील शिफारशींवर पुष्कळ वाद झाला व २०१३ साली कस्तुरीरंगन समितीचा दुसरा अहवाल आला. तो वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. पण पहिल्या अहवालात गावाच्या निसर्गाविषयीचे निर्णय ग्रामसभांच्या विचाराने व्हावेत असा जो आग्रह होता, त्यासाठी कोणत्याही नव्या अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात पडून असते. ती बाहेर काढून तीत गावातील प्रत्येक झरा, तो कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, त्याच्या माथ्यावर कोणाचे रान आहे, देवराईची हद्द व तेथील मोठे वृक्ष यांची नोंद केली, तर न जन्मलेल्या हिस्सेदारांचा सातबारा म्हणून ती उपयोगी पडेल. झऱ्यांची माहिती वृद्ध स्त्रियांकडून घ्यावी. हंडा घेऊन त्या झऱ्यावर कोणत्या महिन्यापर्यंत जावे लागे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

रानतोड, खाण, रस्ता किंवा सड्यावरील भूखंडांचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला असता कार्यकर्त्याने प्रथम विचारावे की, हे काम चुकले असे दहा वर्षांनी दिसून आले तर ते परत फिरविता येईल काय. ऐनाची तोड परत फिरते. खुंट जिवंत असतो. झऱ्याचा माथा फोडला किंवा सड्याचा कातळ उकरला तर ते परत फिरत नाही. जे परत फिरत नाही त्यास एकाच सभेत मंजुरी न देता प्रत्यक्ष जागा पाहून पुढच्या सभेत निर्णय घ्यावा, असा ठराव गावाने आधीच करून ठेवणे श्रेयस्कर होय. तो निर्णय होईल तेव्हा गावातील अज्ञान मुलांच्या व पुढील पिढीच्या हिताचा विचार कोणत्या मुद्द्यावर झाला, हे इतिवृत्तात निराळ्या परिच्छेदात लिहावे. नुसत्या लिहिण्याने काय होणार, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु जे कागदावर कारणासह लिहावे लागते ते करताना माणूस थोडा थांबतो, हा तंटामुक्तीच्या कामात अनेक गावांना आलेला अनुभव आहे.

तोडीचा हंगाम पावसाळा संपून वाटा सुकल्यावर सुरू होतो, व व्यापाऱ्यांच्या फेऱ्या त्याआधीच सुरू होतात. यास्तव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी, भात कापणीची घाई सुरू होण्याच्या आत, समितीचे सदस्य, शाळेतील वरच्या वर्गांची मुले व दोन-चार जाणती माणसे यांनी मिळून एक शिवारफेरी काढावी, झऱ्यांच्या माथ्यावरील झाडी व राखावयाची बीजझाडे गेरूने खुणावून ठेवावीत आणि त्यांची यादी त्या सभेत वाचून दाखवावी.